निपाणीचं नाक आणि टिळकवाडीची हवा

बेळगावची हवा फार छान, असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यातले निम्मे लोक बेळगावात कधी गेलेच नव्हते आणि उरलेल्यांना ते गाव सोडून जमाना लोटला होता. तरी सांगताना काय तो थाट! पंखा लागत नाही म्हणे, संध्याकाळी शाल लागते म्हणे. आम्ही चिपळूणची माणसं. वर्षातले आठ महिने घाम पुसण्यात जातात, त्यामुळे शालीचं नाव काढलं की आम्ही लगेच भुलतो. मीही भुलले होते. आता जाऊन आले आहे, नाकाने हुंगून आले आहे, तेव्हा जे काय आहे ते सांगते.

माझी लेक मनीषा बेळगावात टिळकवाडीला राहते आणि एका शाळेत शिकवते. जावई प्रशांत कॉलेजात प्राध्यापक आहेत. त्यांची आई, म्हणजे माझी विहीण, निपाणीला एकटी राहते. सगळी गल्ली तिला आक्का म्हणते, पोटचा मुलगाही आक्काच म्हणतो, म्हणून मीही म्हणते. आक्कांनी उभा जन्म तंबाखूच्या वखारीत चाळणी मारली, त्यावर मुलाला शिकवलं आणि बदल्यात दमा घेतला. निपाणीच्या डॉक्टरांनी या वेळी स्पष्ट सांगितलं की छाती आता तंबाखूची धूळ सोसणार नाही, गाव सोडा. प्रशांतने आईला कायमचं बेळगावला आणायचं ठरवलं. निपाणीचं घर पुतण्याला राहायला द्यायचं, हेही ठरलं. फक्त आक्कांचं ठरत नव्हतं. "आदी मी सोता हवा बघनार, मग किल्ली देनार," असं त्यांनी जाहीर केलं, आणि सोबतीला विहीणबाई पाहिजेत म्हणाल्या. आमच्या ह्यांना त्यांच्या गुडघ्यांच्या आणि शेजारणीच्या भरवशावर सोडून मी निघाले.

निपाणी

घाट चढून कऱ्हाड आणि मग कोल्हापूर, इथवरचं सांगण्यासारखं काही नाही. कोल्हापूर सोडल्यावर मात्र हमरस्ता रुंद करायचं काम चालू आहे. चालू आहे म्हणजे एकीकडे मातीचे ढीग, दुसरीकडे पाणी साचलेले खड्डे आणि मधून गाड्यांची रांग. काम करणारं माणूस मला एकही दिसलं नाही. ट्रक ढिगातली माती चाकांना लावून पुढे नेत होते आणि डांबरावर तिचा जाड थर देत होते. आमच्याकडेही रस्त्याची कामं वर्षानुवर्षं चालतात, त्यामुळे मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.

निपाणीच्या स्टँडवर पाय ठेवला आणि मला शिंक आली. मग दुसरी आली, मग मोजण्यात अर्थ राहिला नाही. समोर आक्का उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून हसत.

"जय भीम विहीणबाई! निपानीनं वळखलं बघा तुमास्नी."

"जय भीम. ही ओळख नको हो आक्का. नाक जळलं माझं."

"खाट हाय त्यो. तंबाकूची पूड उडती न्हवं, त्यो. पावसानं आज कमीच हाय की. उन्हाळ्यात आला असता म्हंजे कळलं असतं."

एवढं बोलून त्या रिक्षाकडे वळल्या तेव्हा त्यांच्या छातीतली बारीक शिट्टी मला ऐकू आली.

जेवायला भाकरी, तांबडा रस्सा आणि मिरचीचा खरडा. आमच्या माशाच्या आमटीत नारळ तिखटाला सांभाळून घेतो. इथे तिखटाला कोणी सांभाळत नाही. मी डोळे पुसत जेवत होते आणि आक्का शेजारी बसून वखारीच्या गोष्टी सांगत होत्या. इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना "मी आलतो, मी गेलतो" म्हणतात, ते मला फार आवडतं. ऐकणाऱ्याला उगाच दबून राहावंसं वाटतं.

"वखारीत सगळ्याजणी पदर नाकाला बांदून बसायच्या. तंबाकू चाळताना खाट उटला की शिंक यायची. शिंक आली की उटून दारात जाऊन हुबं ऱ्हायाचं. श्वास घ्यायचा, परत यायचं. शिंकंचं ऐकलं तर मानूस टिकतंय. जी न्हाय ऐकत हुती ती गेली."

"आणि आता?"

"आता पंप हाय की." त्यांनी पिशवीतून दम्याचा पंप काढून दाखवला. "शिंक आली की पंप वडायचा. न्हाय आली तर पिशवीत ऱ्हाऊ दे."

"डॉक्टरांनी असंच सांगितलंय?"

"त्यानं सकाळ-सांज सांगिटलंय. पर हवा चोख असताना औषिद कशाला वाया घालवायचं?"

खरं सांगते, मला ते पटलं. जिने आयुष्यभर विषारी धुळीत बसून जीव वाचवला, तिला नाकातलं मी काय शिकवणार? निपाणीतल्या तिच्या वयाच्या पुष्कळ बायका म्हणे असंच करतात. खाट आला की सावध व्हायचं, नाही आला की हवा चांगली. त्या गावापुरतं ते बरोबरच होतं.

बेळगावच्या वाटेवर

सकाळी कर्नाटकाची लाल बस मिळाली. पाऊस असा पडत होता की काचेपलीकडे काहीच दिसत नव्हतं. कंडक्टर "मुंद होगरी, मुंद होगरी" म्हणत सगळ्यांना पुढे ढकलत होता. आक्कांनी त्याला खणखणीत कानडीत काहीतरी सुनावलं, तेव्हा त्याने मुकाट्याने आम्हा दोघींना खिडकीची जागा करून दिली.

"काय म्हणालात त्याला?"

"काय न्हाय. म्हटलं, तुज्या आईला आसं ढकलशील काय?"

चिकोडीकडचा एक गृहस्थ पुढच्या बाकावर होता. त्याने मागे वळून मला आपणहून माहिती दिली की बेळगाव म्हणजे गरिबांचं महाबळेश्वर. मी विचारलं, "तुम्ही तिथंच राहता का?" तर म्हणे, छे, मुलगा राहतो, मला तिथे खोकला होतो. आणि हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही! मी उरलेला रस्ता डोळे मिटून काढला.

टिळकवाडी

मनीषाचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. आजूबाजूला जुने बंगले आहेत, झाडं आहेत, वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या पाट्या आहेत. बाल्कनी मात्र रेल्वे गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर उघडते. प्रशांतने हे घर घेताना "स्टेशन जवळ" म्हणून कौतुक केलं होतं. स्टेशन जवळ असलं की गेटही जवळ असतं, हे प्राध्यापकांच्या लक्षात यायला काय हरकत होती?

त्या दिवशी पाऊस धो धो होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुचाकीवाले दुकानांच्या पत्र्याखाली उभे होते, गेट बंद झालं तरी दोन-चार गाड्याच थांबत होत्या. आक्का बाल्कनीत गेल्या, पदर सावरला, मान वर केली आणि नाकाने मोठा श्वास घेतला. मग दुसरा. आम्ही तिघं मागे उभे होतो. मुलगी बघायला आलेल्या सासूनेही इतका वेळ लावला नसता.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "शिंक न्हाय. हवा चोख हाय."

प्रशांतच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते बघण्यासारखं होतं. त्यांनी लगेच मोबाइल काढला. त्यात एक हिरवं वर्तुळ होतं. हवा उत्तम, असं ते वर्तुळ म्हणत होतं.

"आई, पाऊस हवा धुतो," त्यांनी मला समजावलं. "थेंबांबरोबर धुळीचे कण खाली येतात. आणि इथे पाऊस भरपूर."

"ते मापायचं यंत्र या गेटवर बसवलंय का?"

"नाही, ते... दुसरीकडे आहे कुठेतरी. पण शहराची हवा एकच ना!"

जावई आहेत, म्हणून मी चहा प्यायले. संध्याकाळी त्यांनी आनंदाने कुंदा आणला. खवा करपेपर्यंत आटवायचा, त्यात साखर ओतायची आणि वर त्याची कीर्ती गायची, असा तो पदार्थ आहे. आक्कांनी वाटीभर खाल्ला आणि निपाणीच्या घराची किल्ली कमरेच्या पिशवीतून काढून देव्हाऱ्यासारख्या सजवलेल्या फोटोंच्या फळीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीपाशी ठेवली. "उद्या परवा दिऊन टाकू पुतन्याला," म्हणाल्या. मनीषाच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू.

रिमझिम

दुसऱ्या दिवशी पाऊस उतरला आणि नुसती भुरभुर राहिली. कवी लोकांना आवडते तसली. या भुरभुरीत टिळकवाडीने काय करावं? एरवी जी माणसं चालत किंवा स्कूटरवर जातात, त्या सगळ्यांनी मोटारी बाहेर काढल्या. हाकेच्या अंतरावरच्या शाळेत पोरांना सोडायला मोटार, कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला मोटार, आणि एका मोटारीत माणूस एकच. आमच्याकडे पाऊस म्हणजे छत्री उघडायची आणि चालू लागायचं. ही माणसं साखरेची असावीत.

गेट पडलं. रांग लागली ती थेट आमच्या बाल्कनीखाली आली. आणि इंजिनं? चालू! एकानेही बंद केलं नाही. वर हॉर्न, जणू त्यांच्या आवाजाने रेल्वे घाबरून लवकर पळणार आहे. एक बस, दोन ट्रॅक्टर, बाकी सगळी हौशी मंडळी. तो सगळा धूर ओल्या हवेत वर जायला तयार नव्हता. भुरभुरीने रस्त्यावरची धूळ बसते, धूर काही बसत नाही. माझा घसा खवखवायला लागला, डोळे चुरचुरले. कठड्यावर हात ठेवला तर बोटं काळी झाली.

"आक्का, आत चला. दार लावून घेऊ."

"का वो? शिंक... कुटं आली?"

बोलताना मध्येच थांबल्या होत्या. पुन्हा ऐकलं. वाक्य छोटं झालं होतं, दोन शब्द आणि एक श्वास. मी म्हटलं, पंप घ्या. तर म्हणाल्या, "शिंक आल्याबिगार?" प्रशांतला सांगितलं, तर त्यांनी मोबाइल पाहिला. वर्तुळ अजून हिरवंच होतं. मनीषा म्हणाली, "आई, तू आल्यापासून इथल्या प्रत्येक गोष्टीत खोड काढतेयस." आपलीच पोर असं बोलली की तळपायाची आग मस्तकात जाते. मी गप्प बसले, पण बसायला नको होतं.

उघडीप

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि गावाने उत्सव असल्यासारखी गर्दी केली. चाकांनी आणलेला चिखल दुपारपर्यंत वाळला, त्याचं पीठ झालं आणि प्रत्येक गाडीबरोबर ते उडायला लागलं. दुकानदार आपल्या दारासमोरचं झाडून रस्त्याच्या मध्यभागी टाकत होते. मग गाडी यायची आणि ते पुन्हा त्यांच्या दारात आणून द्यायची. हा उद्योग सगळे मनापासून करत होते.

मनीषा आणि प्रशांत कामावर गेले होते. आक्कांना पुतण्याच्या बायकोसाठी साडी घ्यायची होती, घर सोपवायचं तर हात रिकामा कसा जाणार? आम्ही रिक्षा केली. जाताना काही झालं नाही. येताना गेटपाशी अडकलो.

आमच्या पुढे एक जुनी बस होती. तिची नळी आमच्या रिक्षाच्या तोंडाशी आली होती आणि ती काळा धूर सोडत होती. डावीकडे टेम्पो, उजवीकडे मोटारसायकली, मागे काय होतं ते दिसतही नव्हतं. मी पदर नाकाला लावला. आक्कांनी लावला नाही. शिंक आली नव्हती ना! त्या साडीची पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत होत्या, आणि मग एकदम त्यांनी माझं मनगट धरलं.

त्यांचे ओठ निळसर झाले होते. खांदे वर उचलले जात होते, पण श्वास आत जात नव्हता.

"पंप! आक्का, पंप कुठाय?"

"घरात," त्यांनी हाताने खूण केली. "शिंक... न्हवती..."

रिक्षावाला म्हणाला, "बाई, हलता येत न्हाय, काय करू?" मी खाली उतरले आणि त्या भर रस्त्यात ओरडले. आयुष्यात इतकी कधी ओरडले नव्हते. "इंजिनं बंद करा! बाईचा जीव चाललाय इथं! बंद करा ती इंजिनं!"

काही काचा वर झाल्या. म्हणजे ज्या उघड्या होत्या त्याही बंद झाल्या. मोटारसायकलवरचा एक चांगला शिकलेला दिसणारा मनुष्य मला म्हणाला, "मावशी, दोन मिनिटात गेट उघडतंय, कशाला टेन्शन घेताय?" माझी तिथे चप्पल काढायची वेळ आली होती. बसच्या ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि इंजिन बंद केलं. तेवढा एकच. त्याचं भलं होवो.

रिक्षावाल्याने आणि मी आक्कांना दोन्ही बाजूंनी धरलं आणि गाड्यांच्या मधून वाट काढत समोरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाकातोंडावर मास्क लावून मशीनची वाफ सुरू केली. हळूहळू ओठांचा रंग परतला. मी भिंतीला टेकून रडले. बाहेर गेट उघडलं होतं आणि तोच हॉर्नचा गोंधळ आता पुढे सरकत होता.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आजी, तंबाखूची पूड नाकाला झोंबते म्हणून शिंक येते. गाड्यांच्या धुराचं तसं नाही, तो नाकाला न कळवता आत जातो. पंप सकाळ-संध्याकाळ घ्यायचाच, शिंकेची वाट बघायची नाही." आक्कांनी मास्कमागून मान हलवली. आज्ञाधारकपणे, पहिल्यांदाच.

संध्याकाळी घरात सगळे बसलो. प्रशांतचा चेहरा उतरला होता, तरी प्राध्यापक ते प्राध्यापकच.

"आज ऊन पडलं म्हणून धूळ होती. पुन्हा पाऊस लागला की हवा ठीक होईल, आक्का. चार दिवस दारं लावून बस."

आता मात्र माझा तोल सुटला. "आणि दिवाळीनंतर काय करणार जावईबापू? पाऊस मागवणार कुठून? मार्गशीर्षात, चैत्रात, माणसाने श्वास घ्यायचा की पुढच्या आषाढापर्यंत धरून ठेवायचा? तुमचा तो पाऊस म्हणजे मोलकरीण आहे काय, तुम्ही रोज घाण करायची आणि तिने येऊन धुवायची?"

मनीषा "आई!" म्हणाली. मी म्हटलं, नाही, बोलणार.

मी आक्कांना चिपळूणला चला म्हणाले. त्या हसल्या. "विहिनीच्या दारात जाऊन ऱ्हाऊ? लोक श्यान घालतील तोंडात." मग उठल्या, फळीवरची किल्ली घेतली आणि पुन्हा कमरेला खोचली. प्रशांत काही बोलायच्या आत म्हणाल्या,

"निपानीला जातो मी. तितली हवा वाईट हाय, पर सांगून येती. पंप टायमावर वडीन, नाकावर भरवसा न्हाय ठेवनार आता." मग मुलाकडे बघत राहिल्या. "तू रोज त्याच गेटावरनं जातोस न्हवं रं, गाडीवर? आनि ही पोरगी शाळंला, तीबी तितनंच?"

"हो. दुसरा रस्ता नाही."

"तुला खाटातनं भाईर काडाय म्यां चाळनी मारली, प्रशांता." आवाज चढला नव्हता. "मला निपानी तरी हाय परत जायाला. तुमी कुटं जानार?"

प्रशांतने मोबाइल हातात घेतला होता. तो त्यांनी तसाच पालथा ठेवला.

आक्कांना निपाणीला सोडून मी घरी आले. इथे लोक विचारतात, कशी होती हवा? कुंदा आणला का? मी म्हणते, या आणि माझ्या नाकाला विचारा. काल रात्री जेवणं उरकल्यावर मनीषाचा फोन आला. सांगत होती की आज तिकडे धो धो पाऊस लागलाय, बाल्कनीत उभी आहे, हवा इतकी स्वच्छ झालीय की बोलायची सोय नाही. ती बराच वेळ बोलत होती. मी हं हं करत होते, पण ती काय बोलते तिकडे माझं लक्ष नव्हतं. बोलता बोलता ती खोकते का, तेवढंच मी ऐकत होते.